नाव नसलेलं ताट

आमच्या दुकानात नाव घालायच्या टेबलामागे एक स्टीलचं ताट टांगलेलं आहे. त्यावर कुणाचंही नाव नाही. बारीक चौकोन आहेत, टिंबांच्या ओळी आहेत, त्या ओळींतून बाहेर आलेल्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एकेक अक्षर. गिऱ्हाइकांना ती नक्षी वाटते. काल एका बाईंनी विचारलं, अशी अजून सहा मिळतील का. मी नुसतं नाही म्हटलं. मला गिऱ्हाइकांशी जास्त बोलता येत नाही. घरी आल्यावर मात्र वाटत राहिलं, त्यांना सांगायला हवं होतं. ती नक्षी नाही, ते आमच्या कॉम्प्युटरचं पोट आहे आणि ते ब्रिजिदबाईंनी काढलंय. तोंडाने सांगता आलं नाही, ते इथे लिहून ठेवते.

कांतीशेठचं दुकान भाईंदर पश्चिमेला, भांड्यांच्या गल्लीत. पुढे विक्री, मागच्या कोपऱ्यात नाव घालायचं टेबल. लग्नाचं, बारशाचं, वास्तुशांतीचं भांडं घेतलं की लोक त्यावर नाव घालून मागतात. पूर्वी हे काम हातमशीनवर व्हायचं. हातमशीन म्हणजे पेनापेक्षा जरा जाड दांडी, टोकाला सुई. वीज लावली की ती गुणगुणत थरथरते आणि स्टीलवर टिंबाटिंबाने अक्षर उमटत जातं. ब्रिजिदबाईंनी वीस वर्षं तेच केलं. मग शेठने आपोआप नाव घालणारं मशीन आणलं आणि ते चालवायला शोरूममधून एक तयार कॉम्प्युटर. नाव टाइप करायचं, भांडं सुईखाली बसवायचं, पुढचं मशीन लिहितं. बाई आठ दिवसांत ते शिकल्या. हातमशीन फडक्यात गुंडाळून त्यांनी खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "आता माज्या हाताला काम न्हाय, फकस्त बोटांना हाय."

मी लागले ती त्यानंतर. नाव घालून झालं की भांड्यावर स्टीलची बारीक पूड राहते. ती कोरड्या फडक्याने पुसायची आणि भांडं कागदात गुंडाळून द्यायचं, हे माझं काम. टेबलावर जे येईल ते पुसायचं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण रोज इतकी नावं पुसताना जोडाक्षरं मला तिथेच पक्की झाली.

ब्रिजिदबाई पालीहून यायच्या, उत्तनच्या पुढचं ते कोळ्यांचं गाव. सकाळच्या बसने स्टेशनपर्यंत, तिथून चालत. अंगात फुलाफुलांचा झगा, त्याला स्वतः शिवलेले दोन मोठे खिसे. एका खिशात घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग, दुसऱ्यात खोबऱ्याचा तुकडा. दर तासाला त्यातला थोडा तोडून चावायच्या. आवाज मोठा, समुद्रावर हाक मारायची सवय असल्यासारखा. शेठला त्या "शेठ" म्हणत, पण अशा सुरात की शेठच उठून उभा राहील असं वाटायचं.

नाव तपासायची त्यांची रीत वेगळी होती. डोळ्यांनी आधी बघायच्याच, पण मग डोळे मिटून अंगठा अक्षरांवरून फिरवायच्या. "डोळं फसवतात गो. अंगठा न्हाय फसवत." गिऱ्हाइकाकडून नाव तीनदा मोठ्याने म्हणवून घेत आणि शेवटी न चुकता विचारत, "माणूस हाय ना? का गेलेला?" लोक चमकायचे. एका नवऱ्यामुलाची आई तर चांगली रागावली होती. पण त्यालाही कारण होतं. फार पूर्वी घाईघाईत त्यांनी एका तांब्यावर "श्री."च्या जागी "कै." घातलं होतं, आणि ज्यांचं नाव ते आजोबा समोर स्टुलावर बसून चहा पीत होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? तांब्या मी घेतला. तवापासून दर नाताळला त्यांच्या नातवाला फोन करते, आजोबा हायेत ना म्हणून. हायेत! कै. घातल्यावर माणूस जास्ती जगतो वाटतं."

टेबलावर चूक झाली की ती त्यांची. ते भांडं त्या स्वतः विकत घ्यायच्या आणि घरी न्यायच्या. शेठने कधी तसं सांगितलं नव्हतं, त्यांनीच लावून घेतलेला नियम होता तो. कोणाच्या हातून झाली हे विचारायच्यासुद्धा नाहीत. एकदा गावच्या सणाला त्यांनी मला पालीला जेवायला नेलं, तेव्हा ते घर बघितलं. फळीवरच्या एकाही भांड्यावर घरातलं नाव नव्हतं. भात आला तो "मामा-मामीकडून" असलेल्या पातेल्यात, सार "उपविजेता संघ" लिहिलेल्या गंजात. मांजर "गृहप्रवेशानिमित्त" असं कोरलेल्या ताटलीत जेवत होतं. मला पाणी दिलं तो तांब्या "कै."वाला. मी तो हातात धरून बसले, प्यावं की नाही कळेना.

"पी गो," बाई म्हणाल्या. "तो जिता हाय."

मशीन बिघडायला लागलं ते गेल्याच्या गेल्या वर्षी, दसरा झाल्यावर. खरं तर बिघडला होता कॉम्प्युटर. नाव अर्ध्यावर आलं की पडदा थिजायचा आणि सुई जागच्या जागी थांबायची. एका पातेल्यावर "सौ. विज" एवढंच आलं. एका डब्यावर "चि. प्रथ". गिऱ्हाईक ते कशाला घेईल? बाई एकेक अर्धं भांडं बाजूला ठेवत गेल्या. टेबलाखाली ढीग झाला. इतकी भांडी बसमधून पालीला न्यायची कशी, हाच प्रश्न होता.

शेठने स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला बोलावला. त्याने सीपीयूचा डबा उघडला, आत टॉर्च मारला आणि मान हलवली. मदरबोर्डवरचे छोटे छोटे डबे फुगले होते. "ये गया," तो म्हणाला. "नया लेना पडेगा. लेकिन आपकी मशीन की वायर नये में लगेगी नहीं."

त्या वायरचं तोंड बोटभर रुंद होतं, दोन्ही बाजूंना स्क्रू. आता येणाऱ्या कॉम्प्युटरना मागे तसं भोकच नसतं. म्हणजे कॉम्प्युटर नवा घ्या आणि मशीनही नवं घ्या.

शेठ गल्ल्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "ब्रिजिदबेन, मोबाइलच्या कव्हरवाला दोन महिने मागे लागलाय या कोपऱ्यासाठी. धनतेरसला नावं घालता आली नाहीत, तर मी त्याला हो बोलणार. खोटं कशाला बोलू?"

धनतेरसला आठ दिवस होते. भांड्यांच्या बाजारात वर्षातला तोच मोठा दिवस. कोपरा गेला की आम्ही दोघीही गेलो, हे त्याने बोलायची गरज नव्हती. मी फडक्याच्या घड्या घालत उभी राहिले. बाईंनी खोबरं चावून संपवलं.

"शेठ, माजा बाप होड्यांची इंजिनं बदलायचा," त्या म्हणाल्या. "इंजीन मेला म्हणून कोण होडी जाळत न्हाय. होडी तीच, इंजीन नवा. मला बोर्ड आन् प्रोसेसर आणून द्या. डबा हाच ठेवू."

"तुम्ही करणार?"

"मंग कोण? लग्नाआधी अंधेरीला टीव्हीच्या कारखान्यात पाच वर्षं बोर्डांना कथलाचे डाग दिलेत मी. बोर्ड बघून मला भ्या वाटत न्हाय."

शेठने माझ्याकडे बघितलं, जशी मीच काही सांगणार होते. मग म्हणाला, "ठीक आहे बेन. पण धनतेरस म्हणजे धनतेरस."

सुटे भाग घ्यायला बाई मला कॉम्प्युटरच्या एका दुकानात सोबत घेऊन गेल्या. दुकानदार एकेक बोर्ड काढून दाखवायचा, बाई डोळ्याला भिंग लावून तो कडेकडेने बघायच्या आणि परत द्यायच्या. तीन बोर्ड परत गेले. दुकानदार कंटाळला. चौथ्या बोर्डाच्या कोपऱ्यात सुईच्या टोकांसारख्या खिळ्यांच्या दोन ओळी उभ्या होत्या, शेजारी मुंगीएवढी अक्षरं. बाईंचं बोट तिथे थांबलं.

"ह्या त्या रुंद वायरीच्याच हायेत ना?"

दुकानदाराने वाकून वाचलं. "हां आंटी, है तो. पर ये कोई यूज नहीं करता."

"मी करते."

बोर्डावर खिळे होते, पण बाहेर रुंद तोंड नव्हतं. ते जोडायची छोटी पट्टी दुकानदाराच्या भंगारच्या खोक्यात मिळाली. बाईंनी ती फुंकर मारून झग्याच्या खिशात टाकली. येताना त्या रस्त्याने मोठमोठ्याने हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर उघडला. आधी एकही वायर काढली नाही. जुनी वायर कुठे बसली होती ते लिहून ठेवायला हवं होतं. मी कागद दिला. "कागद हरवतो. कागदावर च्या सांडतो," म्हणाल्या, आणि अर्ध्या नावांच्या ढिगातून एक कोरं राहिलेलं ताट काढलं. खणातून फडक्यात गुंडाळलेलं हातमशीन आलं. इतक्या वर्षांनी ते परत गुणगुणलं. बाईंनी आतला सगळा बोर्ड ताटावर काढला. कोणती वायर कुठे, तिचा रंग कोणता, पंख्याची कोणती, बटणाची कोणती. हात जरासुद्धा थांबला नाही. शेजारच्या दुकानातले लोक येऊन बघून गेले. तेच हे ताट.

प्रत्येक स्क्रू वाटीत. एका वाटीत डब्याचे, दुसरीत बोर्डाचे, तिसरीत पंख्याचे.

शोरूमचा डबा मात्र हट्टी निघाला. मागचा पत्रा डब्यालाच पक्का होता आणि त्याची भोकं जुन्या बोर्डाच्या मापाची. नव्या बोर्डाची तोंडं त्यातून बाहेर येईनात. आमच्या गल्लीत पत्र्याची कात्री काय, कानस काय, हाकेवर मिळते. बाईंनी पत्रा कापला, मग अर्धा तास त्याच्या कडा घासत बसल्या.

शेठ म्हणाला, "बेन, तो मागे भिंतीकडे असणार. कोण बघतंय?"

"कोणाचा हात कापला तर?" बाई म्हणाल्या. भांड्याची कड असल्यासारखा त्यांनी तो पत्रा गुळगुळीत केला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

चालू करायच्या बटणाच्या वायरीही या डब्यात वेगळ्या नव्हत्या, सगळ्या एकाच तोंडात कोंबलेल्या. बाईंनी त्या एकेक करून सोडवल्या. ताटावर बघायच्या, नव्या बोर्डाच्या पुस्तकात बघायच्या, पुन्हा ताटावर. ओठ हलायचे, आवाज नाही.

धनतेरसला तीन दिवस होते. बाई जेवणाआधी हात धुवायला मागे गेल्या. प्रोसेसर त्याच्या डबीतून काढून टेबलावर ठेवला होता. बिस्किटाएवढा चौकोन, वर चकचकीत, खालून पाहावं तर हजारभर सोनेरी केस उभे. मी तो उचलला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. टेबलावर जे येईल ते मी पुसते. वरून पुसला, तो छान चमकला. मग उलटा करून खालूनही फडकं फिरवलं. फडक्याचा दोरा कशाला तरी अडला, तो मी ओढून काढला आणि प्रोसेसर होता तिथे ठेवून दिला.

बाई आल्या, प्रोसेसर बोर्डाच्या चौकटीवर ठेवला. तो बसेना. त्यांनी जोर केला नाही. उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. भिंग लावून उलटा धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. एकही सोनेरी केस तुटून त्याच्या दोऱ्यात आला नव्हता, हे देवाचेच उपकार, पण दोन-तीन ओळी आडव्या झाल्या होत्या, वाऱ्याने भात झोपतो तशा.

"तू पुसलास?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

शेठ गल्ल्यावरून बघत होता. "क्या हुआ, ब्रिजिदबेन?"

"माज्या हातून वाकला, शेठ."

"अरे! नवीन माल? आता दुसरा?"

"दुसरा लागला तर माज्या नावावर. चुकलेला मी घरी नेते, ठावं हाय ना तुमाला?" मग माझ्याकडे वळून, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात, जो त्यांचा मी पहिल्यांदाच ऐकला, "रडतेस काय? स्टूल उजेडात ने."

मी स्टूल दुकानाच्या दारात नेलं. बाई तिथे बसल्या, डोळ्याला भिंग, प्रोसेसर रुमालावर. हातमशीनची एक तुटकी सुई त्यांनी खणात जपून ठेवली होती. ती काढली. वीज नाही, काही नाही, नुसती सुई दोन बोटांत. आणि त्या एकेक केस उभा करायला लागल्या.

ती दुपार मला अजून दिसते. गल्लीत धनतेरसची गर्दी सुरू झाली होती, हातगाड्या, रिक्षांचे हॉर्न, घमेल्यांचा आवाज. त्या सगळ्याच्या मधोमध या बाई श्वास धरून बसलेल्या. एक केस सरळ झाला की श्वास सोडायच्या, मग पुढचा. मी समोर उभी, त्यांच्या अंगावर कुणाची सावली पडू नये म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूने जायला लावत होते. लोकांना मी स्वतःहून काही सांगितल्याचं ते पहिलंच.

"जोर लावला तर मोडंल," मधेच त्या म्हणाल्या, मान वर न करता. "'ळ' काढताना असाच लागतो हात. सुई वळते, हात वळू द्यायचा न्हाय. वीस वरसं 'ळ' काढले मी. काळे, मुळे, साळवी. लय 'ळ' हायेत आपल्यात."

मला हसू आलं आणि रडू पण.

ऊन उतरलं तेव्हा शेवटची ओळ झाली. त्यांनी प्रोसेसर डोळ्यांच्या रेषेत धरला, या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. सगळे उभे, एका मापाचे. मग आत जाऊन तो चौकटीवर ठेवला. ठेवला नाही, सोडला फक्त. तो आपला आपण आत उतरला. आवाजसुद्धा झाला नाही.

शेठ मागे येऊन उभा होता. कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर मलम लावणं, पंखा बसवणं, वायरी, मग विंडोज नवी घालणं. मशीनच्या प्रोग्रॅमची सीडी कुणाकडे असेल असं शेठला वाटलंच नव्हतं. ती बाईंच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये, इतकी वर्षं रोज पाली ते भाईंदर येत-जात होती. "दुकानात ठेवली असती तर तुमी रद्दीत घातली असती," त्या म्हणाल्या. ते खरं होतं.

धनतेरसच्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, बाईंनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. मशीनची जाड वायर, तिचं रुंद तोंड, भंगारातली ती पट्टी, दोन्ही स्क्रू आवळले.

"काय लिहायचं?" शेठने विचारलं. "लक्ष्मी लिहा. श्री लिहा."

बाई खाली वाकल्या आणि ढिगातून ते पातेलं काढलं. "सौ. विज". तिथेच, त्याच रेषेत, सुई शेवटच्या "ज"च्या पुढे येईल असं त्यांनी ते हाताने बसवलं. केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे. मग एकच अक्षर टाइप केलं, "या".

सुई खाली आली, धावली आणि वर गेली.

बाईंनी डोळे मिटून अंगठा फिरवला. पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत. जोड कुठे लागला नाही.

"विजया," त्या म्हणाल्या. आणि मग समुद्रावरच्या त्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "विजया!"

शेठने टाळी वाजवली. समोरच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "काय, मुलगी झाली का?"

त्या सकाळी अर्ध्या नावांची सगळी भांडी पुरी झाली. चि. प्रथचा प्रथमेश झाला. जी जी गिऱ्हाइकं रागावून गेली होती त्यांना शेठने फोन लावला. टेबलाखालचा ढीग संपला तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घ्या! माजी सगळी भांडी गेली." दिवसभर आमच्या दुकानापुढची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत होती. सुई एकदाही थांबली नाही. कव्हरवाला संध्याकाळी विचारायला आला, तो एका डब्यावर बायकोचं नाव घालून घेऊन गेला.

दिवाळी झाल्यावर बाईंनी मला टाइप करायला बसवलं. मी म्हटलं, माझी चौथी झालीय फक्त. "नावं वाचता येतात ना? मंग झाली पुरी शाळा." मी चुकले की भांडं त्या घरी न्यायच्या, बोलायच्या काही नाहीत. त्यामुळेच माझं चुकणं कमी झालं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, बसची चढउतार जमेना. या वर्षी त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी शेठने दुकानातला सगळ्यात मोठा कडीचा डबा काढला. झाकणावरचं नाव मी घातलं. "ब्रिजिदबाई यांस सप्रेम भेट". तीनदा तपासलं.

बाईंनी डबा मांडीवर घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. सावकाश. आम्ही सगळे बघत होतो.

"चूक न्हाय," त्या म्हणाल्या. "मंग ह्यो मी नेऊ कसा? माज्या घरात चुकल्याबिगर भांडा येत न्हाय."

शेठ हसला. मग त्याच्या लक्षात आलं की त्या हसत नाहीत.

त्यांनी खण उघडला. हातमशीन काढलं, वीज लावली. झाकणावर माझ्या सरळ अक्षरांखाली, जवळजवळ न बघता, एक मासा काढला. शेपटीपाशी हात जरा घसरला.

"शेपटी वाकडी झाली," त्या म्हणाल्या. "आता माजा."

हातमशीन त्यांनी फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. उत्तनची बस लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. बस सुटताना मी हात वर केला, पण त्यांनी बघितला नाही. डबा मांडीवर होता, डोळे मिटलेले, अंगठा झाकणावरून चालला होता. नावाच्या शेवटापर्यंत जायचा आणि पुन्हा पहिल्या अक्षरापाशी यायचा.